म्यान काय सांगतं? जपानी लष्करी तलवारी आणि त्यांच्या म्यानावरचा साज

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? ठीक.

पडद्यावर पहिलं चित्र लावलं तेव्हा दोघातिघांनी हळूच विचारलं, "पातं कधी दाखवणार?" दाखवू, पण शेवटी. सगळे पात्याकडे बघतात आणि म्यान बाजूला ठेवतात. आमच्या छोट्या अभ्यासगटानंही पहिली काही वर्षं हेच केलं. जपानी लष्करी तलवारीच्या बाबतीत ही मोठी चूक असते, हे आम्हाला उशिरा कळलं. आजचं व्याख्यान त्या चुकीबद्दलच आहे.

चित्रातली तलवार सातारा जिल्ह्यातल्या एका घरातली आहे. घरातले आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत सुभेदार होते. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. युद्ध संपल्यावर घरी आले ते ही तलवार घेऊन. घरात तिला ‘जपान्याची तलवार’ म्हणतात. दरवर्षी खंडेनवमीला तिची पूजा होते, म्हणून म्यानावर हळदीकुंकवाचे डाग आहेत. ते डाग लक्षात ठेवा, त्यांच्याकडे आपण परत येणार आहोत.

घरच्यांनी आम्हाला तीन प्रश्न विचारले. तलवार किती जुनी? किंमत किती? आणि ही होती कुणाची? पहिल्या प्रश्नाचं उत्तर पातं थोडंफार देतं. दुसऱ्याच्या वाटेला आम्ही जात नाही. तिसऱ्याचं उत्तर मिळालंच, तर ते म्यानाजवळ मिळतं.

सगळ्या तलवारी सारख्या का नसतात?

थोडा इतिहास सांगायला हवा. १८७६ साली जपानच्या मेइजी सरकारनं हुकूम काढला आणि सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगायला बंदी केली. त्यातून सैनिक आणि पोलीस वगळले होते. सामुराईच्या कमरेची तलवार गेली आणि सरकारी नोकराच्या कमरेची राहिली. ही नवी लष्करी तलवार युरोपी धाटणीची होती. बोटांवरून वळून जाणारी धातूची परज, चकचकीत पोलादी म्यान. तिला आज क्यू-गुन्तो म्हणतात, म्हणजे जुनी लष्करी तलवार. तिच्या एका हाताच्या मुठीत कधी कधी घराण्यातलं जुनं जपानी पातं बसवलेलं असे.

१९३० नंतर वारं फिरलं. मांचुरिया आणि शांघायच्या लढायांत युरोपी मूठ दोन हातांनी वापरायला अपुरी पडते, हे दिसलं. त्याच काळात जपानमध्ये जुन्या योद्धेपणाचा अभिमान सरकारी धोरण होऊ लागला होता. १९३४ मध्ये लष्करानं अधिकाऱ्यांसाठी नवा नमुना ठरवला. तो मुद्दाम कामाकुरा काळातल्या ‘ताची’ या तलवारीसारखा केला होता. ताची कमरेच्या पट्ट्यात खोचत नसत. ती दोन टांगण्यांवर, धार खाली करून लटकवत असत. हीच शिन-गुन्तो, नवी लष्करी तलवार.

आता कळीचा मुद्दा. अधिकाऱ्याची तलवार सरकार देत नसे, ती त्याला स्वतः विकत घ्यावी लागे. नमुना सरकारी आणि पैसे स्वतःचे. भूदल अधिकाऱ्यांची काइकोशा नावाची संस्था होती, नौदलाची सुइकोशा होती. तिथून घ्या, नाहीतर बाहेरच्या दुकानातून. ऐपत असेल तर सोन्याचा मुलामा घ्या, नसेल तर साधं पितळ. घरचं जुनं पातं असेल तर ते नव्या साजात बसवा. वडिलोपार्जित तलवारीचं लाकडी म्यान असेल तर त्यावरच चामडं चढवा. नमुन्याच्या चौकटीत राहून माणसांनी काय काय केलं, ते आपल्याला ‘विचित्र’ म्यानांच्या रूपानं दिसतं.

हवालदार दर्जाच्या माणसांचं उलट होतं. त्यांच्यासाठी १९३५ चा नमुना होता. तो सरकारी, कारखान्यात यंत्रावर बनवलेला. त्याची मूठ धातूची ओतीव असते. सुरुवातीला तांब्याची होती, पुढे ॲल्युमिनियमची आली. वरून रंग देऊन दोरी गुंडाळल्याचा भास केलेला असतो. पात्यावर क्रमांक ठोकलेला आणि तोच क्रमांक म्यानाच्या तोंडाजवळ. सरकारी मालमत्ता आहे, हिशेब लागतो ना! दोन्ही क्रमांक जुळले तर ही जोडी कारखान्यातून बाहेर पडल्यापासून एकत्र आहे, असं मानायला जागा असते.

९४, ९५, ९८ ही काय भानगड आहे?

संग्राहकांच्या तोंडी ‘टाइप ९४’, ‘टाइप ९८’ असे शब्द सतत येतात. नवख्या माणसाला वाटतं, ही कारखान्याची मॉडेलं. तसं नाही, ती सालं आहेत. जपानची एक पारंपरिक कालगणना इसवी सनापूर्वी ६६० पासून सुरू होते. १९३४ मध्ये ६६० मिळवा, २५९४ येतात. शेवटचे दोन आकडे घ्या, झालं ‘९४’. १९३५ चा नमुना ९५, नौदलाचा १९३७ चा ९७, भूदलाचा १९३८ चा ९८. १९४० साल म्हणजे २६००, आणि म्हणूनच त्या वर्षाच्या प्रसिद्ध लढाऊ विमानाला ‘झिरो’ हे नाव मिळालं. जुन्या तलवारींना मात्र हे गणित लावू नका. ‘टाइप ३२’ घोडदळाची तलवार १८९९ ची आहे, कारण तिथे ३२ म्हणजे सम्राट मेइजीच्या राजवटीचं बत्तिसावं वर्ष. या दोन पद्धतींत घोळ झाला की तलवारीचं वय चुकतं. आमचंही चुकलं आहे.

म्यानाचे अवयव

आपल्याकडे तलवारीच्या म्यानाच्या तोंडाशी धातूचा जो साज असतो त्याला मोहनाळ म्हणत आणि तळाच्या टोपणाला तहनाळ. जपानी म्यानालाही हे दोन्ही आहेत आणि त्यांची नावं गमतीची आहेत. म्यान म्हणजे ‘साया’. त्याचं तोंड म्हणजे ‘कोइगुची’, कार्प माशाचं तोंड. आपल्या रोहू-कटल्याच्या जातकुळीतला मासा. त्याचं उघडं लांबट गोल तोंड आठवलं की नाव पटतं. तळाचं टोपण म्हणजे ‘इशिझुकी’, दगडाला टेकणारं. आपल्या काठीच्या टोकाला शेंबी असते ना, तेच काम. टांगणीचं कडं म्हणजे ‘आशी’, शब्दशः पाय. मुठीच्या टोकाला गोंडा बांधायची छोटी कडी असते ती ‘सारुते’, माकडाचा हात.

लष्करी म्यान बाहेरून पोलादाचं असलं तरी आत लाकडाचं अस्तर असतं. जुन्या जपानी म्यानांसाठी होनोकी हे लाकूड वापरत. ते मऊ असतं, पात्याला ओरखडा काढत नाही. लाकडाचे दोन उभे भाग कोरून भाताच्या खळीनं चिकटवत. खळ मुद्दाम भाताची, कारण पुढे कधी म्यान उकलून आतून साफ करायचं झालं तर ते सांध्यावर उघडतं आणि लाकूड फुटत नाही. दुरुस्तीचा विचार बनवतानाच केलेला असतो.

भूदलाच्या साजावर चेरीची फुलं आणि पानं असतात, कडांवर, टोपणांवर, परजेवर. नौदलाच्या तलवारीचा बाज वेगळा. तिला काइ-गुन्तो म्हणतात. म्यान लाकडाचं, काळ्या लाखेचं किंवा पाकट माशाच्या खडबडीत कातड्यानं मढवून वर लाख दिलेलं. खाऱ्या हवेत पोलादी म्यान किती दिवस टिकणार? कोकणात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. काही नौदल तलवारींची पातीसुद्धा गंज न धरणाऱ्या पोलादाची केली होती.

न जुळणाऱ्या गोष्टी

आता मुख्य भागाकडे येऊ. पुस्तकातल्या चित्राशी न जुळणारं म्यान हातात आलं की विक्रेता म्हणतो, "दुर्मीळ आहे." आणि शंकेखोर संग्राहक म्हणतो, "बनावट आहे." बहुतेक वेळा दोघंही घाई करत असतात. न जुळणाऱ्या गोष्टी चार-पाच प्रकारच्या असतात, त्या एकेक पाहू.

पहिली, टांगण्यांची संख्या. १९३४ च्या नमुन्यात दोन टांगण्या होत्या. वरची पक्की आणि खालची काढता येणारी. पूर्ण पोशाखाच्या वेळी दोन्ही लावायच्या, एरवी एक. १९३८ च्या नमुन्यात दुसरी टांगणी गेलीच. पण त्यामुळे जुन्या तलवारी कुणी टाकून दिल्या नाहीत. दुसरी टांगणी काढून ठेवली आणि तीच तलवार वापरली. म्हणून एक टांगणी दिसली की लगेच ‘९८’ म्हणू नये. म्यान उजेडात तिरकं धरून रंगावर दुसऱ्या कड्याची पुसट खूण आहे का, ते पाहायचं. नौदलाच्या तलवारीला मात्र दोन टांगण्या शेवटपर्यंत राहिल्या.

दुसरी, चामड्याची गवसणी. तंबोऱ्याला असते तशी, म्यानाच्या मापाची, शिवलेली. आघाडीवर जाणारे अधिकारी ती चढवत. पोलादाचा खणखणाट होत नाही, ऊन पडलं तर चमकत नाही. अनेकदा गवसणीच्या आत पोलादी म्यान नसतंच. आत घरातलं जुनं लाकडी म्यान असतं आणि त्याला लष्करी टांगणी जोडलेली असते. त्याचं तोंड बंद राहावं म्हणून मुठीवर चापाच्या बटणाची वादी येते. असं म्यान साधं, कधी कधी ओबडधोबड दिसतं. त्यामुळे लोक त्याला दुय्यम समजून फेकतात आणि पात्यासाठी दुसरं चकचकीत म्यान शोधतात. त्याबरोबर एका घराण्याच्या तलवारीचं युद्धात जाणं फेकलं जातं.

तिसरी, खटक्याचं भोक. बऱ्याच शिन-गुन्तोंच्या मुठीवर एक छोटं बटण असतं. त्याला जोडलेली कमानीची पट्टी परजेतल्या खाचेतून खाली उतरते आणि म्यानाच्या तोंडात अडकते, म्हणजे धावताना तलवार निसटत नाही. आता विचार करा. परजेत खाच आहे, पट्टी आहे, पण म्यानाच्या तोंडाशी ती अडकायला जागाच नाही. मग म्यान दुसऱ्या तलवारीचं आहे. याला तज्ज्ञ लागत नाही, बोट आणि डोळे पुरतात. घरी कुणाकडे अशी तलवार असेल तर आधी एवढंच बघा.

चौथी, लपलेले आकडे. परजेच्या वर आणि खाली पातळ चकत्या असतात, त्यांना सेप्पा म्हणतात. पात्याच्या मुळाशी हे सगळं घट्ट बसावं म्हणून कारागीर प्रत्येक चकती हातानं घासून जुळवत असे. एका तलवारीच्या चकत्या दुसरीत मिसळू नयेत म्हणून त्या चकत्यांवर आणि परजेवर तोच आकडा ठोकत. सगळे आकडे सारखे असतील तर साज मूळचा. एक वेगळा असेल तर कुठेतरी अदलाबदल झाली आहे. पात्यावरचा सरकारी क्रमांक वेगळा आणि हा कारागिराच्या सोयीचा आकडा वेगळा. त्यावरून मालकाचं नाव शोधायला जाऊ नका.

पाचवी, टंचाई. युद्ध लांबलं तसं पितळ, तांबं मिळेना. साज लोखंडाचा झाला, काळा केलेला. फुलापानांची नक्षी गेली. संग्राहक ज्याला ‘टाइप ३’ म्हणतात त्या शेवटच्या काळातल्या नमुन्याची परज साधी असते. मुठीची दोरी लाखेनं घट्ट केलेली असते आणि मूठ एका ऐवजी दोन खिळ्यांनी धरलेली असते. हवालदारांच्या तलवारींना तर शेवटी शेवटी लाकडी मुठी आणि लाकडी म्यानं आली. ही म्यानं कुरूप आहेत. पण १९४४-४५ च्या जपानची अवस्था सोन्याच्या मुलाम्यातून कळणार नाही, ती या लाकडातून कळते.

या सगळ्याला आपल्याकडचा एक दाखला आहे. मराठ्यांच्या शस्त्रांत ‘फिरंग’ असते. पातं युरोपातलं आणि मूठ इथली. ती मूठ काढून पात्याला युरोपी मूठ बसवली तर तलवार ‘मूळची’ होईल का? नाही. तिचा मराठी इतिहास पुसला जाईल. जपानी लष्करी साजातल्या जुन्या पात्याचंही तेच आहे.

साताऱ्याची तलवार

आता त्या घरातल्या तलवारीकडे वळू. म्यान पोलादी, तपकिरी रंगाचं. टांगणी एक. तिरक्या उजेडात खाली साधारण चार बोटांवर रंगात पुसट कड्याची खूण दिसली. म्हणजे हे म्यान दोन टांगण्यांचं असण्याची शक्यता मोठी, १९३४ च्या नमुन्याचं. खटका म्यानाच्या तोंडात नीट बसत होता. सेप्पांवर आणि परजेवर एकच आकडा. म्हणजे म्यान, परज आणि मूठ एकमेकांचीच.

मुठीचा बांबूचा खिळा, ज्याला मेकुगी म्हणतात, तो निघाल्यावर पात्याचं मूळ दिसलं. त्यावर काळसर जुना गंज. सही नाही. भोकं दोन आणि आताच्या मुठीला लागणारं फक्त एक. दुसऱ्या भोकाचा या मुठीला काही उपयोग नाही. म्हणजे हे पातं याआधी दुसऱ्या मुठीत होतं. जुनं पातं, नवा साज. कुणीतरी घरातली तलवार घेऊन सैन्यात गेला होता.

मुठीच्या टोपणावर चांदीचं छोटं घराण्याचं चिन्ह होतं. ते बघून घरच्यांना वाटलं, आता नाव सापडलंच! तसं होत नाही. एकच चिन्ह हजारो कुटुंबं वापरतात. आपल्याकडे एका आडनावावरून माणूस शोधण्यासारखं आहे ते. गोंडा असता तर हुद्द्याचा अंदाज आला असता. भूदलात तपकिरी-निळा गोंडा कनिष्ठ अधिकाऱ्यांचा, कॅप्टनपर्यंतचा. तपकिरी-लाल त्यावरच्यांचा. सेनापतींच्या गोंड्यात सोनेरी धागा. इथे ‘माकडाचा हात’ रिकामा होता.

आणि मग आमच्यातल्या एकाला टांगणीच्या कडीत अडकलेला दोऱ्याचा तुकडा दिसला. बोटभर लांब, मळलेला, गाठ मारलेला. तो कसला, म्हणून विचारलं. घरातल्या काकू म्हणाल्या, "अहो, त्याला एक लाकडाची चपटी पट्टी होती. त्यावर शाईनं चिनी अक्षरं काढलेली. एका खंडेनवमीला साफसफाई करताना मीच काढून टाकली. दुकानातली किमतीची चिठ्ठी असेल म्हटलं."

खोलीत कुणी काही बोललं नाही.

ती पट्टी काय असावी ते सांगतो. २ सप्टेंबर १९४५ ला जपाननं शरणागतीवर सही केली. आग्नेय आशियात दोस्तांचे सरसेनापती माउंटबॅटन यांचा आग्रह होता की जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी समारंभानं, सगळ्यांसमोर द्याव्यात. खुद्द फील्ड मार्शल तेराउची यांनी ३० नोव्हेंबर १९४५ रोजी सायगावमध्ये आपल्या तलवारी माउंटबॅटन यांच्या हाती दिल्या. हजारो अधिकाऱ्यांनी तेच केलं. त्यातल्या अनेकांनी तलवार देताना तिला लाकडाची किंवा कापडाची पट्टी बांधली आणि त्यावर आपलं नाव, हुद्दा, गावचा पत्ता लिहिला. कधीतरी ही परत येईल अशी आशा. ती बहुतेकांची फोल ठरली. जमा झालेल्या तलवारींपैकी कित्येक दोस्त सैन्यातल्या माणसांना आठवण म्हणून मिळाल्या, काही तुकड्यांच्या मेसमध्ये लागल्या, बाकीच्या नष्ट केल्या गेल्या.

काकूंची काही चूक नाही. त्यांनी देव्हाऱ्याजवळची वस्तू स्वच्छ केली, इतकंच. चूक कुणाची असेल तर आमच्यासारख्यांची. पात्याविषयी आम्ही भरपूर बोललो, आणि कडीला बांधलेल्या दोऱ्याला हात लावू नका, एवढं साधं वाक्य कुणाला सांगितलं नाही. त्या घराच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सत्तर वर्षं त्या घरातच टांगलेलं होतं.

मग आपण काय करायचं?

सगळं आहे तसं ठेवायचं. काही काढण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे. म्यानाचं तोंड, टांगण्या, शेंबी, रंग उडालेल्या जागा, दोरे, चिठ्ठ्या. म्यानाचा रंग खरवडायचा नाही, पितळ घासून चकचकीत करायचं नाही. पात्याच्या मुळावरचा काळा गंज कधीही काढायचा नाही, कारण वय ठरवायला तोच उपयोगी पडतो. आजोबांबद्दल घरात जे जे सांगितलं जातं ते लिहून ठेवायचं. कुठल्या पलटणीत होते, कुठे होते, कधी परतले. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकच्या लढाईत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. युद्धानंतर जपानच्या ताब्यासाठी गेलेल्या भारतीय ब्रिगेडमध्ये याच रेजिमेंटची पहिली बटालियन होती. आजोबा कुठल्या बटालियनमध्ये होते हे कळलं, तर तलवार कुठून आली असेल याचा शोध एकदम आटोक्यात येतो.

आणि आता हळदीकुंकवाचे डाग. ते काढू का, असं आम्हाला विचारलं गेलं. नका काढू. ही तलवार जपानमध्ये जितकी वर्षं लष्करी साजात होती, त्याच्या कितीतरी पट वर्षं ती साताऱ्याच्या त्या घरात आहे. ते डागही आता तिच्या साजात धरायला हवेत.

प्रश्नोत्तरं

*श्रोता: हे परत जपानमधल्या कुटुंबाला देता येत नाही का?*

कधी कधी देता येतं, पण सोपं नाही. जपानच्या १९५८ च्या कायद्यानुसार पारंपरिक पद्धतीनं घडवलेली, कलावस्तू म्हणून नोंद होऊ शकणारी पातीच खासगी माणसाला ठेवता येतात. कारखान्यात बनलेल्या लष्करी पात्याची तिथे नोंद होत नाही, ते नष्ट करावं लागतं. म्हणजे भावनेच्या भरात पाठवलेली तलवार कुटुंबाच्या हाती पोहोचण्याऐवजी भंगारात जाऊ शकते. आधी पातं कुठल्या प्रकारचं आहे ते ठरवा, कायदेशीर परवानग्या बघा, मगच पुढे. आपल्याकडेही शस्त्र अधिनियम १९५९ आहे. तलवार घेणं, विकणं, परदेशातून आणणं, यातलं काहीही करण्यापूर्वी चौकशी करून घ्या.

*श्रोता: बाजारात मिळणाऱ्या तलवारी खऱ्या कशा ओळखायच्या? नकली खूप येतात म्हणे.*

खूप येतात. विशेषतः हवालदारांच्या तलवारीच्या नकला. मघाशी सांगितलेल्या परीक्षाच लावायच्या. खटका चालतो का आणि म्यानात अडकतो का? क्रमांक पात्यावर आणि म्यानावर सारखे आहेत का, आणि आकड्यांची धाटणी एकसारखी आहे का? म्यानात लाकडाचं अस्तर आहे का? नकली बनवणारा पात्यावर मेहनत घेतो, कारण गिऱ्हाईक तेच बघतं. म्यानाच्या आत बघेल असं त्याला वाटत नाही. आपण तिथेच बघायचं.

*श्रोता: स्पष्ट विचारते. याच तलवारींनी युद्धकैद्यांची मुंडकी उडवली गेली. त्यांचा संग्रह करणं, पूजा करणं, यात काही चुकतंय असं तुम्हाला वाटत नाही?*

वाटतं. आणि हा प्रश्न आला नसता तर आम्हीच काढला असता. युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत अशा शिरच्छेदांच्या साक्षी नोंदल्या गेल्या आहेत, त्या नाकारण्यात अर्थ नाही. ‘सामुराईचा आत्मा’ वगैरे भाषेत या तलवारींबद्दल बोलणाऱ्यांशी आमचं जमत नाही. ज्या सैन्याची ही तलवार, त्याच्याशी लढताना आपल्याकडची माणसं मेली. म्हणूनच आम्ही म्यानाचा अभ्यास करतो. पातं एकटं भिंतीवर लावलं की ती नुसती सुंदर वस्तू होते आणि मग तिच्याबद्दल काहीही गोष्ट सांगता येते. म्यान, टांगणी, आकडे, चिठ्ठी बरोबर असली की ती एका ठरावीक सालातली, ठरावीक सैन्यातली, कुणा एका माणसाच्या कमरेची तलवार राहते. त्या माणसानं काय केलं हे म्यान सांगत नाही. पण तो होता, हे सांगतं. साताऱ्याच्या घरात पूजा होते ती तलवारीची की आजोबा जिवंत परतल्याची, हे आम्ही विचारलं नाही. विचारायचा आम्हाला अधिकारही वाटला नाही.

वेळ झाली आहे. पातं दाखवायचं कबूल केलं होतं, हे शेवटचं चित्र घ्या. आता बघताना तुमची नजर आपोआप खाली टांगणीच्या कडीकडे गेली, तो दोरा शोधायला. गेली ना? मग व्याख्यान कारणी लागलं.